चाळीस टक्के

बहुतेक जिल्हा रुग्णालयांत अपंगत्वाच्या तपासणीचे वार ठरलेले असतात. त्या दिवशी कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, कडेवर मावेनाशी झालेली मुले घेऊन आलेल्या आया आणि कागदांनी फुगलेल्या पिशव्या यांनी आवार भरून जाते. तिथल्या बोलण्यात एक प्रश्न सारखा ऐकू येतो : किती टक्के? या प्रश्नाच्या उत्तरावर पुढची बरीच वर्षे अवलंबून असतात. ४० किंवा त्याहून अधिक टक्के मिळाले तर सरकारी नोकरीतल्या राखीव जागेवर दावा सांगता येतो, महाविद्यालयाच्या राखीव जागेसाठी अर्ज करता येतो, प्राप्तिकरात सूट मिळते, २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपासून घरून मतदान करण्याची मुभाही मिळते. केंद्र सरकारच्या अपंग निवृत्तिवेतनासाठी मात्र ४० पुरत नाहीत. तिथे दारिद्र्यरेषेखालचे घर आणि ८० टक्के अपंगत्व अशा दोन्ही अटी पुऱ्या कराव्या लागतात, आणि त्यानंतर केंद्राच्या वाट्याचे जे पैसे मिळतात ते २०१२ पासून महिन्याला ३०० रुपये आहेत. एकच माणूस एका खिडकीपाशी अपंग ठरतो आणि शेजारच्या खिडकीपाशी पुरेसा अपंग ठरत नाही.

टक्के काढायचे कसे, हे केंद्र सरकारने ४ जानेवारी २०१८ च्या राजपत्रात सविस्तर सांगितले. त्यानुसार एक डोळा पूर्ण गेलेला आणि दुसरा चांगला असलेल्या माणसाचे अपंगत्व ३० टक्के धरले जाते, म्हणजे तो रेषेच्या अलीकडेच राहतो. एकाहून अधिक क्षती असतील तर त्यांची साधी बेरीज होत नाही. मोठ्या क्षतीचा आकडा ९० मधून वजा करायचा, उरेल त्याला लहान क्षतीच्या आकड्याने गुणायचे, ९० ने भागायचे आणि आलेले उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचे. या हिशेबाने ३० टक्के आणि ३० टक्के मिळून ५० टक्के होतात. एखाद्या सांध्याची हालचाल किती अंशांनी घटली, कानाला किती डेसिबलपर्यंत ऐकू येत नाही, हे मोजणे वैद्यकशास्त्राचे काम आहे आणि ते उपयोगाचेही आहे. पण ३९ आणि ४० यांच्या मध्ये शरीरात काहीही घडत नाही. तिथे ना कोणता स्नायू संपतो, ना कोणती शीर तुटते. तिथे फक्त सरकारने काढलेली एक रेषा आहे. आधुनिक समाजातले अपंगत्वाचे राजकारण समजून घ्यायचे असेल तर या रेषेपासून सुरुवात करावी लागते : ती कशासाठी काढली गेली, तिने कुणाला काय दिले, आणि जिथे तिची गरजच नाही अशा ठिकाणीही ती का लावली जाते.

रेषा जुनी आहे. ‘सरासरी माणूस’ ही कल्पना बेल्जियमच्या आदॉल्फ केतले या संख्याशास्त्रज्ञाने १८३५ च्या ग्रंथात मांडली. हजारो माणसांची उंची आणि वजने मोजून जो मधला आकडा येतो, तो हळूहळू माणसाचा आदर्श मानला जाऊ लागला आणि त्यापासून दूर असणे हा दोष ठरला. त्याच सुमारास, १८३४ साली, इंग्लंडने आपला गरिबांविषयीचा कायदा बदलला. धडधाकट गरिबाला मदत हवी असेल तर त्याने कार्यगृहात दाखल व्हावे, बाहेर बसून मदत मागू नये, असे त्यामागचे धोरण होते. मग धडधाकट कोण, हे ठरवणे सरकारला भाग पडले. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ डेबोरा स्टोन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात या प्रश्नाची फार नेमकी उकल केली आहे. त्यांच्या मते आधुनिक समाजात अन्न मिळवण्याचे दोन मार्ग असतात, काम करून आणि गरज दाखवून. दुसरा मार्ग सगळ्यांना खुला ठेवला तर पहिल्यावर कुणी जाणार नाही, अशी राज्यकर्त्यांना भीती वाटते. म्हणून दुसऱ्या मार्गावर पहारेकरी बसवावा लागतो. ज्याला काम करता येत नाही त्याला आत सोडायचे, ज्याला करायचे नाही त्याला परत पाठवायचे. हा पहारा डॉक्टरांकडे आला, कारण त्यांचा निर्णय निःपक्षपाती दिसतो. अपंगत्व ही प्रशासनाची वर्गवारी आहे आणि मजुरांचा बाजार जसा बदलतो तशी ती ताणली किंवा आवळली जाते, हे स्टोन यांचे निरीक्षण आजही आपल्या खिडक्यांसमोरच्या रांगांना लागू पडते.

गरज तपासणारी ही रेषा नुसत्या तपासणीवर थांबली नाही. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८३ मध्ये सुप्रजननशास्त्र हा शब्द रूढ केला. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. पुढे नाझी जर्मनीने ऑगस्ट १९४१ पर्यंत सहा केंद्रांत सुमारे ७०,००० अपंग आणि मनोरुग्ण माणसे विषारी वायूने मारली. तिथेही निवडीचा अर्ज डॉक्टरच भरत होते, आणि त्यातला एक प्रश्न हा माणूस काय काम करू शकतो, असा होता. शिकागो शहराने १८८१ मध्ये विद्रूप शरीराच्या माणसांना रस्त्यावर दिसण्याचीच बंदी केली होती. ती १९७४ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात होती. हे सगळे परदेशात घडले म्हणून आपण सुस्कारा टाकू नये. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात भीक मागण्याची जी व्याख्या आहे, तिच्यात भिक्षेसाठी जखम, व्यंग किंवा रोग उघडा दाखवणे हाही गुन्हा आहे. जो कायमचा असहाय आहे त्याला मुदत संपल्यावरही डांबून ठेवण्याचा अधिकार सरकारला त्याच कायद्याने दिला. हा कायदा मुंबईबाहेरही अनेक राज्यांनी आणि दिल्लीने उचलला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातली बरीच कलमे घटनाबाह्य ठरवली, पण तो निकाल दिल्लीपुरता होता. ज्या माणसाला काम मिळू नये अशीच व्यवस्था आहे, त्याने पोटासाठी हात पसरला की तोच गुन्हेगार ठरतो. कायद्याच्या भाषेत ही गोष्ट शांतपणे लिहिलेली असल्यामुळे तिच्यातली क्रूरता चटकन लक्षात येत नाही.

या विचाराला पहिले खणखणीत उत्तर अपंगांनी स्वतः दिले. १९७२ मध्ये पॉल हंट यांनी इंग्लंडमधल्या ‘गार्डियन’ दैनिकाला पत्र लिहून संस्थांमध्ये कोंडल्या गेलेल्या अपंगांना एकत्र येण्याचे आवाहन केले. ते स्वतः अशा संस्थेत राहिले होते. त्यातून जी संघटना उभी राहिली तिने १९७६ मध्ये आपली भूमिका छापली. त्या भूमिकेत क्षती आणि अपंगत्व हे दोन शब्द एकमेकांपासून सोडवलेले होते. पायात शक्ती नसणे ही क्षती. कचेरी दुसऱ्या मजल्यावर असणे आणि तिथे फक्त जिना असणे हे अपंगत्व. पहिली गोष्ट शरीरात असते, दुसरी समाज त्या शरीरावर लादतो. या मांडणीतले एक प्रमुख नाव विक फिंकेलस्टाइन यांचे. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषाविरुद्ध काम केल्याबद्दल त्यांनी तुरुंगवास भोगला होता आणि तिथून ते इंग्लंडमध्ये आले होते. कातडीचा रंग हा निसर्गाचा भाग, पण रंगावरून वेगळे दार ही माणसाची करणी, हे त्यांनी भोगलेले होते. तोच न्याय त्यांनी शरीराला लावला. नंतर माइक ऑलिव्हर यांनी या विचाराला ‘सामाजिक प्रतिमान’ असे नाव दिले. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी अपंगांच्या हक्कांचा करार स्वीकारला, २००७ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली, आणि आपल्या २०१६ च्या कायद्याने अपंग व्यक्तीची व्याख्या याच विचारावर केली : दीर्घकाळची क्षती आणि समोरचे अडथळे यांच्या एकत्र परिणामामुळे ज्याला इतरांच्या बरोबरीने समाजात सहभागी होता येत नाही तो. या व्याख्येत टक्का नाही. पण त्याच कायद्यात आणखी एक व्याख्या आहे, ४० टक्क्यांच्या अपंगत्वाची, आणि बहुतेक कचेऱ्यांच्या भिंतींवर तीच तेवढी लागली आहे.

आपल्याकडे हे असे का झाले, याचे उत्तर राज्यघटनेच्या मसुद्यापर्यंत मागे जाते. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई करणाऱ्या १५ व्या अनुच्छेदात अपंगत्वाचा उल्लेख नाही. उल्लेख आहे तो ४१ व्या अनुच्छेदात, बेकारी, वार्धक्य आणि आजार यांच्या शेजारी, आणि तोही राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत नववी नोंद आहे ती ‘अपंग आणि नोकरीस अपात्र व्यक्तींना साहाय्य’ या अर्थाची. अपंग आणि नोकरीस अपात्र ही माणसे एका ओळीत, एका दमात उच्चारली गेली. ज्या घटनेने अस्पृश्यतेला गुन्हा ठरवले, तिने अपंगांना हक्कांच्या प्रकरणात न घेता मदतीच्या यादीत ठेवले. घटनाकारांचा हेतू वाईट होता असे मला म्हणायचे नाही. त्या काळी जगातल्या कोणत्याच मोठ्या घटनेत याहून वेगळे फारसे काही नव्हते. पण परिणाम असा झाला, की पुढची जवळजवळ पन्नास वर्षे अपंगांचा प्रश्न समाजकल्याण खात्याचा, देणग्यांचा आणि जयपूर फूट वाटपाच्या शिबिरांचा राहिला.

ही कोंडी १९९५ मध्ये फुटली. जावेद अबिदी यांच्या पुढाकाराने अपंगांनी दिल्लीत निदर्शने केली आणि त्या डिसेंबरमध्ये संसदेने पहिला अपंग व्यक्ती कायदा मंजूर केला. सात प्रकारचे अपंगत्व, ३ टक्के राखीव जागा आणि ४० टक्क्यांची रेषा त्या कायद्याने आणली. पुढची लढाई मोजणीची होती. इंग्रज सरकारने १८७२ पासून १९३१ पर्यंतच्या जनगणनांमध्ये आंधळे, मूकबधिर, वेडे आणि कुष्ठरोगी यांची मोजणी केली होती. स्वतंत्र भारताने तो प्रश्न गाळला, १९८१ मध्ये विचारला, १९९१ मध्ये पुन्हा गाळला. २००१ च्या जनगणनेतूनही तो वगळला जाणार होता. अबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंदोलन करून तो परत आणला. त्यातून २ कोटी १९ लाख हा आकडा निघाला आणि २०११ मध्ये तो सुमारे २ कोटी ६८ लाख झाला, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. महाराष्ट्रात तो साधारण साडेएकोणतीस लाख होता. याउलट जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा अंदाज जगातल्या १६ टक्के माणसांना लक्षणीय अपंगत्व असल्याचा आहे. भारतीयांची शरीरे जगाहून सातपट धडधाकट आहेत, असा याचा अर्थ नाही. फरक मुख्यतः प्रश्नाचा आहे. दारात उभे राहून ‘घरात कुणी अपंग आहे का’ असे विचारले, की बहुतेक घरे नाही म्हणतात, कारण त्या शब्दात लाज आहे, मुलीच्या लग्नाची काळजी आहे. म्हातारपणी अधू झालेल्या नजरेला तर आपण अपंगत्व म्हणतच नाही. ‘चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का, जिना चढताना अडचण येते का’ असे विचारले तर आकडा कित्येक पटींनी वाढतो. आकडा लहान राहिला की तरतूद लहान राहते आणि अपंग हा मतांच्या हिशेबात न धरण्याजोगा घटक ठरतो. म्हणून रेषेला विरोध करणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवले पाहिजे, की मोजले जाणे ही या चळवळीची पहिली राजकीय कमाई होती. प्रमाणपत्राने विखुरलेल्या माणसांना एक नाव आणि एक मागणी दिली. हे मी कमी लेखत नाही.

तक्रार वेगळी आहे. ज्या आकड्याने दार उघडायचे, त्याच आकड्याने ते बंदही केले जाते. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील पूर्ण अंध आहेत. २०१६ मध्ये त्या केंद्रीय लोकसेवा परीक्षेत उत्तीर्ण झाल्या, पण रेल्वेच्या लेखासेवेत त्यांना घेतले गेले नाही, कारण दृष्टिहीनता १०० टक्के. त्या पुन्हा परीक्षेला बसल्या, पुढच्या वर्षी १२४ वा क्रमांक मिळवला आणि भारतीय प्रशासकीय सेवेत गेल्या. हिशेबाच्या खात्याला जे अशक्य वाटले ते जिल्ह्याच्या कारभाराला अशक्य वाटले नाही. डोळे तेच होते. वैद्यकीय प्रवेशात तर याहून विचित्र कोंडी होती. वाचा आणि भाषेचे अपंगत्व ४० टक्क्यांहून कमी असेल तर राखीव जागा नाही, आणि ४० किंवा अधिक असेल तर एमबीबीएसला प्रवेशच नाही. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ही विसंगती उघड केली. निव्वळ टक्क्यावरून कुणाला अपात्र ठरवता येणार नाही, तो विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा करू शकतो की नाही हे तज्ज्ञांनी प्रत्यक्ष पाहिले पाहिजे, असा तो निकाल आहे. त्याआधी २०१९ मध्ये याच न्यायालयाने ५० टक्क्यांहून अधिक दृष्टिदोष असलेल्यांना न्यायाधीशपदापासून दूर ठेवणारा नियम उचलून धरला होता. २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात न्यायालयाने तो विचार मोडीत काढला. लिहिताना बोटे आखडणाऱ्या या उमेदवाराने परीक्षेसाठी लेखनिक मागितला होता आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाने ४० टक्के नसल्याचे सांगून तो नाकारला होता. न्यायालयाने सांगितले, की राखीव जागेसाठी लागणारी अट वाजवी सोयीच्या हक्काला लावता येणार नाही. मार्च २०२५ मध्ये अंध व्यक्तीला न्यायसेवेत येण्यापासून केवळ अंधत्वामुळे रोखता येणार नाही, हेही ठरले.

विकास कुमार निकालात जो भेद केला आहे तो मला या साऱ्या चर्चेचा कणा वाटतो. समाज अपंग माणसाला दोन अगदी वेगळ्या गोष्टी देणे लागतो. काही गोष्टी मोजक्या आहेत : नोकरीतल्या जागा, निवृत्तिवेतनाचे पैसे, घरकुले. त्या वाटायच्या तर कुठेतरी रेषा ओढावी लागेल, आणि ती कुठे ओढायची याबद्दल वाद होत राहतील. दुसऱ्या गोष्टी वाटून संपत नाहीत. परीक्षेत लेखनिक, बँकेच्या ॲपमध्ये वाचता येण्याजोगी बटणे, न्यायालयात खुणांच्या भाषेचा दुभाषी, दवाखान्याच्या दारापाशी उतार. यांच्यासाठी माणसाला टक्के विचारण्याचे कारणच नाही. इथे मोजायची असेल तर अडचण मोजावी. आपल्या प्रशासनाने पहिल्या प्रकारची रेषा सरसकट दुसऱ्या प्रकारालाही लावली, आणि अपंगांची निम्मी दमछाक त्यातून झाली आहे.

महाराष्ट्रातल्या सिकलसेल रुग्णांचे उदाहरण या गोंधळावर सगळ्यात स्वच्छ प्रकाश टाकते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार या भागांतल्या आदिवासी आणि दलित समाजात हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणात आढळतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि सांध्यांत, छातीत, पोटात असह्य कळा येतात. ही कळ कधी येईल ते सांगता येत नाही. आठवडाभर माणूस शेतात राबतो आणि नंतरचे चार दिवस त्याला कूस बदलता येत नाही. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले आणि त्यात सिकलसेल, थॅलसेमिया, हिमोफिलिया यांचा समावेश केला. हे मोठे पाऊल होते. पण त्याच कायद्याने सरकारी नोकरीतल्या ४ टक्के राखीव जागा ज्या गटांसाठी ठेवल्या, त्यांत या रक्तविकारांचा स्वतंत्र गट नाही. म्हणजे नाव यादीत आले, वाटा मिळाला नाही. आणि टक्के? येणारी-जाणारी वेदना तपासणीच्या एका दिवशी कशी मोजणार? बरे असलेल्या दिवशी तपासले तर आकडा खाली जातो, आणि आजारी असलेल्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत जाणारी एसटी पकडण्याची ताकद नसते. या रुग्णांमध्ये ज्यांना प्रमाणपत्राची सर्वाधिक गरज आहे, त्यांनाच ते मिळवणे सर्वाधिक महाग पडते. मजुरी बुडते, सोबतीला माणूस लागतो, कागद अपुरा म्हणून दुसरी फेरी होते. जात, जंगल, अंतर आणि रक्त या चार गोष्टी इथे एकाच शरीरावर येऊन पडतात, आणि तपासणीच्या अर्जात त्यांपैकी एकीसाठीच रकाना आहे.

आता आक्षेपांकडे वळू. सर्वांत जोरदार आक्षेप बनावट प्रमाणपत्रांचा आहे. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले, आणि पाठोपाठ समाजमाध्यमांवर प्रशासनातल्या राखीव जागाच कशाला हव्यात, असा सवाल झाला. खऱ्या अपंग अधिकाऱ्यांवरही संशयाची नजर वळली. फसवणूक होते, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि तिचा पहिला फटका अपंगांनाच बसतो. पण फसवणूक कुठे होते ते पाहावे. जिथे प्रमाणपत्र हे मोजक्या जागांचे तिकीट आहे तिथे ते विकत घेतले जाते. उतारावरून वर जाण्यासाठी कुणी खोटे प्रमाणपत्र करून आणत नाही. शिवाय खोट्या कागदावर सही करणारा हात व्यवस्थेतला असतो. २०१६ च्या कायद्याच्या ९१ व्या कलमात खोटेपणाने लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. तिचा वापर करावा. त्याऐवजी प्रत्येक अपंगाला पुन्हा पुन्हा तपासणीला बोलावणे हा उपाय ब्रिटनने करून पाहिला आहे. २००८ पासून तिथे कामाच्या क्षमतेची कडक चाचणी सुरू झाली, पुढे अपंग भत्त्यासाठीही नवी चाचणी आली. त्या भत्त्याच्या नकाराविरुद्ध न्यायाधिकरणापुढे गेलेल्या अपिलांपैकी निम्म्याहून अधिक अपिले अर्जदारांच्या बाजूने लागली, आणि २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीने अपंगांच्या हक्कांचे गंभीर उल्लंघन झाल्याचा निष्कर्ष काढला. चाळणी बारीक केली की खोटे अडकतात, असा समज आहे. प्रत्यक्षात आधी अडकतात ते थकलेले, एकटे आणि कागद जमवता न येणारे.

दुसरा आक्षेप अपंगांच्या चळवळीतूनच आला, म्हणून तो अधिक विचार करण्याजोगा आहे. सगळा दोष जिन्याचा म्हटला तर शरीराच्या वेदनेचे काय? सगळे जिने काढले तरी सांध्यांतली कळ राहते, थकवा राहतो, आयुष्य तोकडे होण्याची भीती राहते. ब्रिटनमधल्या टॉम शेक्सपिअर यांच्यासारख्या अभ्यासकांनी सामाजिक प्रतिमानावर ही टीका केली आहे आणि ती बरोबर आहे. सिकलसेलच्या रुग्णाला उतार बांधून दिल्याने त्याची कळ थांबत नाही. त्याला औषध हवे, वेळेवर रक्त हवे, जवळ दवाखाना हवा. मात्र कळ आली म्हणून चार दिवस शाळा बुडाली की नाव काढायचे की नंतर तास घेऊन अभ्यास भरून काढायचा, हे शाळा ठरवते. वेदना शरीराची असली तरी तिची किंमत काय पडेल हे भोवतालचे नियम ठरवतात. राजकारण या किमतीबद्दल आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा. गरीब देशाला हे परवडेल का, असे विचारले जाते, आणि ४१ वा अनुच्छेद तर आर्थिक कुवतीची अट घालूनच सुरू होतो. नव्या इमारतीत रुंद दार आणि उतार यांचा खर्च एकूण बांधकामाच्या मानाने किरकोळ असतो. बांधून झाल्यावर भिंत फोडायची वेळ येते तेव्हा तो वाढतो, आणि आपण बहुतेक वेळा हा दुसरा, महागडा रस्ता निवडतो. उताराचा उपयोग म्हाताऱ्यांना, गरोदर बायकांना, हातगाडीवाल्याला होतो असेही नेहमी सांगितले जाते. ते खरे आहे, तरी या युक्तिवादावर सारी भिस्त ठेवू नये असे मला वाटते. एका बहिऱ्या आरोपीसाठी न्यायालयात आणलेल्या दुभाष्याचा उपयोग दुसऱ्या कुणालाच होत नाही. तरीही तो आणलाच पाहिजे. इतरांचा फायदा दाखवल्याशिवाय ज्याला हक्क मिळत नाही, त्याला अजून मदतीच्याच यादीत ठेवलेले आहे.

शब्दांबद्दलही थोडे सांगायला हवे. २७ डिसेंबर २०१५ च्या आकाशवाणीवरील भाषणात पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला आणि तो फार लवकर सरकारी झाला. महाराष्ट्राने तर डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र मंत्रालयीन विभागच सुरू केला. खाते वेगळे झाले याचे स्वागत आहे. पण या शब्दाला अपंगांच्या अनेक संघटनांनी विरोध केला, आणि संयुक्त राष्ट्रांच्या समितीनेही २०१९ मध्ये भारताला त्याबद्दल टोकले. ज्याच्या अंगात दिव्य शक्ती आहे त्याला उतार कशाला हवा, असा या शब्दाचा नकळत सूर निघतो. कुणी स्वतःला दिव्यांग म्हणवत असेल तर तो त्याचा अधिकार. मी मात्र अपंग हाच शब्द वापरला आहे, कारण त्यात कौतुकाचा मुलामा नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी आपल्या आत्मकथनाला ‘चाकाची खुर्ची’ हे साधे, वस्तूचे नाव दिले. त्या नावात जो ठामपणा आहे तो मला कोणत्याही गौरवशब्दापेक्षा मोलाचा वाटतो.

शेवटी पुन्हा मोजमापाकडे येऊ, कारण २०१६ च्या कायद्यात मोजमापाची दिशा उलटवणारी कलमे आहेत आणि त्यांच्याकडे फारसे कुणाचे लक्ष नसते. ४४ व्या कलमानुसार सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या बांधकामाला परवानगी मिळता कामा नये आणि काम पुरे झाल्याचे प्रमाणपत्रही मिळता कामा नये. ४५ व्या कलमाने जुन्या सार्वजनिक इमारती सुधारायला नियम लागू झाल्यापासून पाच वर्षे दिली होती. ती मुदत २०२२ मध्ये संपली. राजीव रतुरी या अंध याचिकाकर्त्याने २००५ मध्ये रस्ते, इमारती आणि वाहने अपंगांना वापरता यावीत म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. २०१७ मध्ये निकाल आला, तो पाळला गेला नाही, आणि ८ नोव्हेंबर २०२४ ला न्यायालयाला पुन्हा निकाल द्यावा लागला. सुगम्यतेच्या नियमात सगळे काही शिफारशीच्या भाषेत लिहिलेले आहे, कायद्याने मात्र ते बंधनकारक केले होते, म्हणून तो नियम न्यायालयाने रद्द केला आणि तडजोड न होणारी किमान मानके तीन महिन्यांत वेगळी काढायला सांगितले. उताराचे मानक आजही सगळ्यांना माहीत आहे, एकास बारा : एक फूट चढायचे तर बारा फूट लांबी. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी नगरपालिकेच्या अभियंत्याने टेप घेऊन तेवढे मोजायचे आहे.